उकिरड्याची दैना

मराठीत एक जुनी म्हण आहे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. आमच्या घरी ती रखडलेल्या कोर्टकज्ज्याविषयी किंवा दैव उशिरा उघडलेल्या एखाद्या आप्ताविषयी वापरली जाई. प्रत्यक्ष उकिरड्याचा विचार ती उच्चारताना कोणाच्याही मनात येत नसे. माळव्यात चार-पाच पिढ्यांपूर्वी येऊन स्थिरावलेल्या आम्हा मराठी कुटुंबांचा उकिरड्याशी संबंध तो किती? आमचे पूर्वज होळकर दरबारी लेखणी घेऊन आले. पुढे कोणी शाळेत शिकवू लागले, कोणी रेल्वेत तर कोणी बँकेत गेले. शेण, पाचोळा, कचरा ही सारी इतरांची खाती. तरीही ज्या गावाला आम्ही आपले म्हणतो, त्या इंदूरचे नाव जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत पोहोचले ते एका खताच्या ढिगामुळे, ही गोष्ट माझ्या मनाला अलीकडे वारंवार स्पर्श करून जाते.

ही हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील शेतकी संस्थेत रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तितक्याच तोलामोलाच्या शास्त्रज्ञ होत्या. गव्हाच्या सुधारित वाणांवर दोघांनी मिळून काम केले. १९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला आले आणि होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅंट इंडस्ट्री’ उभी राहिली. मुख्य विषय कापसाचा होता. परंतु कापूस सुधारायचा तर आधी जमीन सुधारली पाहिजे आणि जमीन सुधारायची तर तिला तिचे देणे परत केले पाहिजे, या निष्कर्षाला हॉवर्ड येऊन पोहोचले. त्यांनी आपल्या शेतकऱ्यांना शिकवण्याआधी त्यांच्याकडून शिकून घेतले, हे ते स्वतः मोकळेपणाने मान्य करीत. चीनमधील शेतकऱ्यांची परंपराही त्यांच्या डोळ्यांपुढे होती. या साऱ्यातून जी रीत सिद्ध झाली तिला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ‘इंदूर पद्धत’ असे म्हटले.

१९३१ मध्ये ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे त्यांचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. एक हॉवर्ड यांचे आणि दुसरे यशवंत वाड यांचे. संस्थेतील रसायनशास्त्राची बाजू वाड यांनी सांभाळली होती. ढिगात कर्ब किती, नत्र किती, ओल किती हवी, याची मोजदाद केल्यावाचून ही रीत नुसती एक घरगुती युक्ती राहिली असती. हॉवर्ड पुढे ‘सर’ झाले, सेंद्रिय शेतीचे एक जनक म्हणून जगभर ओळखले गेले. वाड यांचे नाव मात्र आमच्या घराघरांतून, आमच्या उत्सवांतून, व्याख्यानमालांतून माझ्या कानावर कधी आले नाही. येथील मराठी गवयांची, क्रिकेटपटूंची, चित्रकारांची नावे आम्हाला मुखोद्गत आहेत. खत करणाऱ्याचे नाव पाठ करावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

ती रीत तरी काय होती? सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा उथळ खड्डा. त्यात शेतातला सर्व प्रकारचा काडीकचरा, गोठ्यातले शेण, जनावरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. पाणी शिंपडून ओल राखायची, पण चिखल होऊ द्यायचा नाही, कारण आतल्या अदृश्य जीवांना श्वास घ्यायचा असतो. साधारण पंधरा-सोळा दिवसांनी पहिली उलथापालथ, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार. या वर्णनातील एक तपशील मला विशेष आवडतो. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या इतक्या कडक की त्या सहजी कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवीत. जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा भुसा होई आणि मग तो खड्ड्यात जाई. म्हणजे गाडीवान आपला माल वाहता वाहता नकळत खतही करीत होता. शेती आणि वाहतूक या दोन खात्यांच्या फायली तेव्हा वेगळ्या झालेल्या नव्हत्या.

१९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून खेड्यांतल्या खताविषयी लिहिले. खत हा त्यांच्या लेखी केवळ शेतीचा प्रश्न नव्हता. घाणीला हात लावणारा हलका आणि न लावणारा थोर, ही जी आपली समाजरचना, तिच्या मुळाशी जाणारा तो प्रश्न होता. पुढे आणखी एका मराठी माणसाने या विषयाला वाहून घेतले. मध्य प्रदेशातील खेड्यांत विटांच्या जाळीदार टाक्या दिसतात. त्यांना सारे ‘नाडेप’ म्हणतात. हा एखादा सरकारी योजनेचा संक्षेप असावा, अशीच माझी समजूत होती. नाडेप म्हणजे नारायण दे. पांढरीपांडे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे हे गृहस्थ. थोड्या शेणात पुष्कळ खत कसे होईल, याचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. भिंतीत सोडलेल्या भोकांतून हवा खेळते, म्हणून त्यांच्या टाकीतला ढीग वारंवार उलटावा लागत नाही. माळव्यातला शेतकरी दिवसातून दहा वेळा त्यांचे नाव घेतो आणि आपण एका माणसाचे नाव घेतो आहोत, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ हेही आपल्याकडचेच वचन. आमच्या घरांनी ते मोठ्या आदराने जपले आणि वर्तन मात्र नेमके उलट केले. चाकरी उत्तम, व्यापार नाइलाजाचा आणि शेती म्हणजे वाट्याने लावून दिलेली, दिवाळीला गव्हाचे पोते पाठवणारी एक दूरची गोष्ट. याला दोष तरी कसा द्यावा? परमुलखात आलेल्या माणसाचे भांडवल त्याच्या अक्षरओळखीत होते. पण त्यामुळे एक सवय जडली. काम कागदावर असेल तरच ते काम आणि हाताला माती लागली की ती मजुरी.

ही सवय आमच्या घरात अलीकडे थोडी हलली ती माझ्या भाचीमुळे, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीमुळे. तिने शेतकी विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि सांवेर-देपालपूरकडच्या खेड्यांतून शेतकऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, कंपोस्ट आणि गांडूळखत करायला शिकवण्याचे काम पत्करले. पगार बेताचा, हिंडणे पुष्कळ. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा टिपणात व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे यावर घरात दोन दिवस खल चालला. कोणी म्हणाले ‘कृषी सल्लागार’, कोणी सुचवले ‘पर्यावरण क्षेत्रात कार्यरत’. ती शांतपणे म्हणाली, “आत्या, खत करते आणि करायला शिकवते, असं लिही ना. खोटं काहीच नाही त्यात.” आम्ही शेवटी तसेच लिहिले. दोन स्थळांनी पुढे काही कळवले नाही. तिसऱ्या स्थळाकडच्या मंडळींनी मात्र बाल्कनीतल्या कुंड्यांना कोणते खत घालावे, असे विचारले आणि बोलणी पुढे सरकली.

तिच्याबरोबर एकदा मी एका गावी गेले होते. थंडीचे दिवस होते. ढिगात खुपसून ठेवलेली लोखंडी सळई तिने बाहेर काढली आणि मला हात लावायला सांगितले. सळई चांगलीच तापलेली होती. “इतकी ऊब आहे म्हणजे काम चालू आहे,” ती म्हणाली, “गार झाली तर समजायचं, पाणी कमी झालं किंवा हवा.” ढीग उलटणाऱ्या बायका ओले गोणपाट बाजूला करून फावड्याने कडेचा माल मधे आणि मधला कडेला टाकीत होत्या. किती ओल हवी हे त्या मूठ दाबून पाहत. मुठीतून पाणी गळता कामा नये आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटताही कामा नये. एवढे ज्ञान त्यांच्या हातांत होते. पण ग्रामपंचायतीच्या कागदावर त्या ‘अकुशल मजूर’ होत्या. मजुरीचा दरही त्याच रकान्यातला. भाचीचे खरे दुखणे हेच आहे. ती म्हणते, “डॉक्टरने नाडी पाहिली की ते कौशल्य आणि हिने ढिगाची पाहिली की मजुरी.”

पर्यावरणपूरक रोजगार, हरित रोजगार, असे शब्द आता सर्रास कानी पडतात. अशा कामांचे प्रशिक्षण ठरवण्यासाठी २०१५ मध्ये देशपातळीवर एक स्वतंत्र कौशल्य परिषदही स्थापन झाली. शब्द चांगलेच आहेत. परंतु कामाला हिरवा रंग दिल्याने करणाऱ्याची पायरी आपोआप उंचावत नाही. येथे मला हॉवर्ड यांचीच आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. इंदूरच्या संस्थेतील मजुरांच्या व्यवस्थेविषयी त्यांनी १९३१ मध्ये एक स्वतंत्र लेख लिहिला. वेळेवर पगार, कामाचे ठरावीक तास, औषधपाण्याची सोय या गोष्टींशिवाय चांगले काम होत नाही, हे त्यांनी अनुभवाने सांगितले. जमिनीला तिचे देणे द्या, हे सांगणारा माणूस मजुरालाही त्याचे देणे द्या, असे म्हणत होता. त्याच्या खड्ड्याची मापे जगभर गेली. हा दुसरा भाग मागे राहिला.

आता शहराकडे वळू. देवगुराडियाच्या कचराभूमीवर साचलेले डोंगर आम्ही पाहिले आहेत. पश्चिमेचा वारा सुटला की बायपासपलीकडच्या वस्त्यांना खिडक्या लावून घ्याव्या लागत नसतील असे नाही. गेल्या दशकात ते डोंगर उपसून चाळले गेले, घरोघरी कचरा वेगळा मागून नेणाऱ्या गाड्या फिरू लागल्या आणि २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूरने वर्षामागून वर्षे पहिला क्रमांक राखला. त्याच जागी १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवण्याची. त्यातून दिवसाला सुमारे १७,००० किलो जैव-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत निघावे, असा उद्घाटनसमयीचा हिशेब होता. निम्मा वायू महानगरपालिकेने शहरबसगाड्यांसाठी विकत घ्यावा, असे ठरले. त्याआधी चोइथराम मंडीच्या आवारात, फळा-भाजीच्या कचऱ्यावर चालणारे एक लहान संयंत्र उभारून हा प्रयोग करून पाहिलेलाच होता.

हॉवर्ड यांचा खड्डा आणि देवगुराडियाचे बंद घुमट यांत एक मजेदार विरोध आहे. खड्ड्यातल्या जीवांना हवा हवी असते, घुमटातल्यांना ती मुळीच चालत नाही. खड्ड्यात हवेच्या साहाय्याने ढीग तापतो आणि त्याची माती होते. घुमटात हवेवाचून मिथेन तयार होतो. त्यातला कर्बवायू आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा गंधकाचा वायू काढून टाकला की तो गाडीत भरण्याजोगा होतो. उरलेल्या गाळाचे पुन्हा खत होते. म्हणजे कालच्या जेवणातली दोडक्याची साले एका वाटेने राजवाड्याकडच्या बसच्या टाकीत जातात आणि दुसऱ्या वाटेने एखाद्या शेतात. पूर्वी पऱ्हाट्या गाडीच्या चाकाखाली जात, आता साले चाकाला फिरवतात. शेती आणि वाहतूक या दोन बहिणी मधली काही दशके एकमेकींना दुरावल्या होत्या. या शहरात तरी त्यांची पुन्हा गाठ पडली आहे.

मात्र ही साखळी जेथे सुरू होते ते ठिकाण प्रकल्पात नाही, आपल्या ओट्यापाशी आहे. शहरी खताविषयी शेतकऱ्याची जुनी तक्रार अशी की त्यात काच निघते, प्लॅस्टिकचे तुकडे निघतात, एखादे औषधाचे पाकीटही निघते. असे खत एकदा शेतात पडले की ते वेचून काढता येत नाही आणि तो शेतकरी पुन्हा ते घेत नाही. मग कितीही कोटींचे यंत्र असो, त्याच्या पोटात गेलेली दुधाची पिशवी ते पचवू शकत नाही. ती पिशवी वेगळी काढणारे हात कोणाचे असतात? सकाळी गाडीवर उभी राहून डबा पाहणारी, “ताई, यात काच आहे, वेगळी द्या,” असे सांगणारी मुलगी आणि पुढे पट्ट्याशेजारी उभ्या राहून वेचणाऱ्या बायका. त्यांतल्या कित्येकजणी पूर्वी रस्त्यावर कचरा वेचीत. आता त्यांना गणवेश आहे, हातमोजे आहेत. ही सुधारणा थोडी नव्हे. पण त्यांची जात बहुतेक तीच आहे आणि त्यांच्या शेजारी उभे राहण्याची पाळी अजून आपल्यावर आलेली नाही, हेही तितकेच खरे.

वाहतुकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. माझ्या लहानपणी स्टेशनबाहेर टांगे असत. ते गेले आणि काळा धूर ओकणारे टेम्पो आले. टेम्पो गेले, सीएनजीवरच्या रिक्षा आल्या, आता विजेवरच्या रिक्षांनी गल्ल्या भरल्या आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेली बसची राखीव मार्गिका काढून टाकण्याला २०२५ मध्ये न्यायालयाने मुभा दिली आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला छोटा टप्पा सुरू झाला. हवा स्वच्छ होते, हे उत्तमच. पण दर वेळी वाहन बदलते तेव्हा वाहनाबरोबर जगणाऱ्या माणसाचे काय होते? टांगेवाल्याचा मुलगा रिक्षावाला झाला की बेकार, याचा हिशेब कोणी ठेवला? डिझेलच्या इंजिनाचे आवाजावरून दुखणे ओळखणारा मेकॅनिक बॅटरीपुढे अडाणी ठरतो. त्याला चाळिशीत नवे शिकायचे आहे आणि त्याची शिकवणी कोणी लावलेली नाही.

इंदूरला या प्रश्नाची चांगलीच जाण असायला हवी. १९९१ मध्ये येथली हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे वाटप सुरू व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार देणे न पाहताच गेले. ज्या शहराने एका धंद्याचा असा शेवट पाहिला, त्याने नव्या धंद्याच्या आरंभीच विचारले पाहिजे की, येथे काम करणारा कायम आहे की ठेकेदाराचा, आजारी पडला तर त्याचे कोण आणि हेही यंत्र एक दिवस जुने झाले तर तो कोठे जाईल. प्रदूषण करीत नाही एवढ्यावरच एखादी नोकरी चांगली म्हणायची, तर बैल जुंपलेला घाणाही चांगली नोकरीच म्हणावा लागेल.

आणि जमिनीचे काय? हॉवर्ड यांच्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. शहर वाढत वाढत त्याच्या चारही बाजूंनी आले. २०२२ मध्ये ती जमीन दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध विद्यार्थ्यांनी दीर्घ आंदोलन केले. शंभर वर्षे ज्या मातीवर प्रयोग झाले, ती माती उचलून दुसरीकडे नेता येत नाही, असे त्या मुलांचे म्हणणे होते. त्यांत मराठी मुले थोडी असतील, पण आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्यांची विचारपूस करायला गेल्याचे मी ऐकले नाही. एखाद्या जुन्या वाड्याचा सज्जा पाडणार म्हटले तर आम्ही निवेदने देतो. शेत हेही स्मारक असू शकते, ही कल्पना अजून आमच्या अंगवळणी पडायची आहे.

येथवर लिहिलेले वाचून कोणी विचारील, मग आम्ही करावे तरी काय? साऱ्यांनीच फावडी हाती घ्यावीत असे मी म्हणत नाही, माझ्या गुडघ्यांनाही ते झेपणार नाही. परंतु दोन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. आपल्या नातवंडांपैकी कोणी शेतकी विषय घेतो म्हणाला, बसच्या वायुयंत्रणेचे किंवा बॅटरीचे तंत्र शिकतो म्हणाला, तर ‘मार्क कमी पडले का रे?’ हा पहिला प्रश्न गिळून टाकावा. त्या कामात डोके लागते, हे त्याला घरातून कळले म्हणजे बाहेरच्यांचे त्याला फारसे काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाविषयी. आपल्या वसंत व्याख्यानमालेत कवी येतात, इतिहाससंशोधक येतात, निवृत्त अधिकारी येतात. त्या साऱ्यांविषयी आदर आहेच. पुढच्या वर्षी एक दिवस यशवंत वाड यांच्या नावाने ठेवावा. त्या दिवशी व्यासपीठावर सांवेरकडची, मूठ दाबून ओल सांगणारी एखादी बाई असावी आणि शहरबसच्या आगारातला एखादा कारागीर असावा. त्यांची भाषा माळवी असेल, हिंदी असेल, आपल्याला समजते. मानधनाचे पाकीट इतर वक्त्यांना देतो तेवढेच द्यावे. कार्यक्रमानंतरच्या चहाच्या पेल्यांची वर्गवारी कोणी करायची, हे मात्र आधीच ठरवून ठेवलेले बरे. त्यासाठी मी माझे नाव आजच सचिवांकडे नोंदवून ठेवते.